आईच्या वहीतलं ‘येणे’

माझी आई रोज रात्री हिशेब लिहिते. सवय मूळची बाबांची. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते गेल्यावर तिने ती मोडू दिली नाही. दोनशे पानी वही, पुढून रोजचा जमाखर्च आणि मागच्या पानांवर देणं-येणं. डेअरीचं येणं, शेजारच्या काकूंना दिलेल्या उसन्या पैशांचं येणं, खतवाल्याचं देणं. त्याच पानावर २० जानेवारी २०२५ या तारखेला तिच्या अक्षरात एक ओळ आहे: ‘व्हिसाची फी, रु. ८,२००, येणे’.

ती ओळ माझ्या नजरेस पडली तेव्हा फेब्रुवारी अर्धा सरला होता. व्हिसा नाकारून पासपोर्ट घरी आल्याला आठवडा झाला होता. मी म्हटलं, “आई, हे येणं नाही. हे पैसे गेले.”

ती म्हणाली, “गेलं कसं? त्यांनी व्हिसा दिला न्हाई. मग पैसं कशाचं ठेवून घेतलं?”

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे. शोधताना बरंच वाचलं, बऱ्याच जणांशी बोलले, आणि दुसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा पुन्हा तेवढीच फी भरली. जे घडलं ते क्रमाने लिहिते.

माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा सहा वर्षं युरोपात आहेत. शेंगेन करारात, म्हणजे एकाच व्हिसावर जिथे फिरता येतं त्या गटात, २९ देश आहेत, त्यातल्या एकात. लग्नानंतर सात वर्षांनी तिला दिवस गेले. मे महिन्याच्या मध्याची तारीख मिळाली होती. तिच्या सासूबाई हयात नाहीत. पहिलं बाळंतपण, परका मुलूख, आणि आई इथे कराडपासून बारा किलोमीटरवरच्या गावात. आईने बातमी ऐकली त्याच आठवड्यात जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली. डिंक आणून ठेवला. तूप विमानातून युरोपात नेता येत नाही, दुधाच्या पदार्थांना तिथे बंदी आहे, असं धाकटीने सांगितल्यावर म्हणाली, तूप तिथं कढवीन, लाडू तिथं वळीन, नुसता डिंक आन् हळीव नेते.

शेंगेनचा व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो. म्हणून डिसेंबरातच कागद गोळा करायला लागलो. मी हायस्कूलला गणित शिकवते, कागदपत्रांची मला भीती नाही. पण आईचे कागद म्हणजे तिच्या पिढीतल्या बायकांचे कागद. एका ठिकाणी तिच्या नावापुढे ‘बाई’ लावलेलं, दुसरीकडे नुसतं नाव. धाकटीच्या जन्माच्या नोंदीत बाळाचं नावच नाही, ‘स्त्री’ एवढंच. ही मुलगी या बाईचीच हे सिद्ध करायला धाकटीच्या पासपोर्टचं शेवटचं पान, शाळा सोडल्याचा दाखला आणि नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र, इतकं जमवावं लागलं. तहसील कचेरीत दोन दिवस गेले.

मग ती परत येणार याचे पुरावे. मागणी रास्त आहे, त्यांना ते पाहायचंच असतं. आईच्या नावावर एक एकर दहा गुंठे जमीन. सातबारा १५ रुपयांत डिजिटल सहीचा मिळाला, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि नोटरी यांना त्याच्या कित्येक पट पैसे गेले. कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेश, ज्या बँकेत पेन्शन जमा होतं तिथला सहा महिन्यांचा उतारा सही-शिक्क्यासह. घराचा आठ अ. माझं प्रतिज्ञापत्र, की मी तिची थोरली मुलगी, कराडात राहते, माझी नोकरी इथे, मुलं इथे. धाकटीने तिकडच्या कचेरीतून रीतसर हमीपत्र घेतलं, आईच्या राहण्या-जेवण्याचा आणि औषधपाण्याचा खर्च आमचा. डॉक्टरांचं पत्र, बाळंतपणाच्या तारखेसह. किमान ३० हजार युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा नियमानेच लागतो, तोही काढला. सदुसष्टीच्या बाईचा तीन महिन्यांचा विमा स्वस्त नसतो.

रात्री ओगलेवाडीच्या स्टेशनावर महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली आणि सकाळी मुंबईत उतरलो. अर्ज दूतावासात थेट द्यायचा नसतो. दूतावासाने नेमलेल्या खासगी कंपनीच्या केंद्रात द्यायचा. तिथे टोकन, मग खिडकी, मग दुसरी खिडकी. एसएमएस हवा का, कुरिअर हवं का, बसायला वेगळी खोली हवी का, प्रत्येकाचे दर वेगळे. आईला वाटलं हे सगळं घ्यावंच लागतं. मी तिला दोनदा सांगितलं की फक्त कुरिअर घेऊ.

खिडकीपलीकडची मुलगी चांगली होती, हे मुद्दाम सांगते. आईच्या बोटांचे ठसे उठेनात. डावी चार बोटं, उजवी चार बोटं, मग दोन्ही अंगठे, काचेवर ठेवायचे. आईची बोटं गवत कापून, शेणी थापून गुळगुळीत झालेली. यंत्र पुन्हा पुन्हा लाल दिवा दाखवायचं. त्या मुलीने ओला रुमाल दिला, म्हणाली, “आजी, हळू दाबा, घाई नाही.” पाचव्या की सहाव्या खेपेला ठसे आले. आईच्या कपाळावर घाम आला होता. हात पाठीमागे लपवल्यासारखे धरून ती उभी राहिली.

फी ९० युरो. त्या दिवशीच्या दराने ८,२०० रुपये. शिवाय केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. आईने कमरेच्या पिशवीतून नोटा काढल्या आणि स्वतः मोजून दिल्या. लेकीच्या बाळंतपणाचा खर्च माझा, हे तिने आधीच बजावलं होतं. तिचं पेन्शन महिना अठरा हजारांच्या आसपास आहे.

त्यानंतर माझ्यापुढे एक कागद आला. अर्ज नाकारला तरी फी परत मिळणार नाही हे समजलं, अशा अर्थाचं वाक्य त्यात होतं. मी ते वाचलं आणि आईची सही घेतली. तिला वाचून दाखवलं नाही. त्या क्षणी तिला नकाराचा विचारही करायला लावायचा नव्हता. आज वाटतं, सही तिची होती, पैसे तिचे होते, वाक्य तिला सांगायला हवं होतं.

बाकावर तासगावचा एक तरुण भेटला. घरचा द्राक्षबाग, निर्यातीचा धंदा. युरोपातल्या एका फळांच्या प्रदर्शनासाठी आदल्या वर्षी अर्ज केला होता, नकार आला, आणि दुसरा अर्ज करेपर्यंत प्रदर्शन उरकलं. आता तो तिसऱ्यांदा भरत होता. तो म्हणाला, “ताई, फीचं दुःख नाही, पण दर वेळी नव्याने ओळख करून द्यावी लागते, आणि दर वेळी तिचे पैसे द्यावे लागतात.” 

सतरा दिवसांनी कुरिअर आलं. पासपोर्टमध्ये व्हिसा नव्हता, सोबत एक छापील फॉर्म होता. हा फॉर्म सगळ्या शेंगेन देशांना एकच आहे. नकाराच्या कारणांची यादी आधीच छापलेली असते, लागू असेल त्या कारणापुढच्या चौकटीत खूण करतात. आमच्या कागदावर एक खूण होती. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी तुम्ही देश सोडून जाल याबद्दल वाजवी शंका आहे, असा तिचा अर्थ. खाली शेरे लिहायला जागा असते. ती कोरी होती.

आई म्हणाली, वाच. मी शक्य तितक्या मऊ शब्दांत सांगितलं, तू परत येशील याची त्यांना खात्री वाटत नाही.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मी कुठं जानार? म्हशीला कोन बघनार?” आणि थोड्या वेळाने, “म्हंजी मी खोटं बोलते असं म्हनत्यात का ते?”

त्या दिवशी पैशांचा विषय तिने काढला नाही. फीची ओळ मला आठवड्याने दिसली.

आमच्या घरी यावर वाद झाला आणि तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण दोन्ही बाजू तिथेच पहिल्यांदा नीट मांडल्या गेल्या. हे म्हणाले, “फी व्हिसाची नसते, अर्ज तपासण्याची असते. नकार दिला तरी तपासणाऱ्याने वेळ घातलाच ना? रक्त तपासायला दिलं आणि रिपोर्ट वाईट आला म्हणून लॅबवाला पैसे परत देतो का?”

आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, “जावईबापू, लॅबवाला कागद देतो. काय झालंय, किती झालंय, सगळं त्यात लिवलेलं असतंय. तो कागद घिऊन डाक्टरकडं जाता येतं. ह्या कागदावर काय लिवलंय?”

हे गप्प झाले. माझ्याही डोक्यात प्रश्न तिथेच स्वच्छ झाला. 

मग मी नियम वाचायला बसले. शेंगेन व्हिसाचे नियम २००९ च्या एका युरोपीय कायद्यात आहेत, व्हिसा संहिता म्हणतात तिला. फीबद्दलचं कलम १६. फी परत मिळत नाही, असं ते सांगतं आणि अपवाद देतं. त्यातला एक वाचून मी थांबले, पुन्हा वाचलं. अर्ज ग्राह्यच नसेल, म्हणजे ठसे नाहीत, फोटो नाही, पासपोर्ट नियमात बसत नाही, असं काही असेल, तर दूतावासाने कागद परत करायचे, घेतलेले ठसे नष्ट करायचे आणि फी परत द्यायची. कारण अर्ज तपासलाच गेला नाही. म्हणजे अपुऱ्या अर्जाची फी परत येते. आईसारखा, नाव नाव जुळवून, सातबारा भाषांतरित करून दिलेला अर्ज नाकारला तर मात्र नाही.

या नियमामागचं तर्कशास्त्र मला मान्य आहे. तपासणीची फी आहे, तपासणी झाली की फी संपली. ठीक. पण मग तपासणी झाली हे दिसायला हवं. त्याच संहितेच्या कलम २१ मध्ये अर्ज तपासताना गरज पडली तर अर्जदाराला मुलाखतीला बोलावता येतं, जास्तीचे कागद मागता येतात, असं लिहिलं आहे. आईला कुणी बोलावलं नाही. एखादा कागद मागितला असता तर आम्ही दुसऱ्या दिवशी पाठवला असता. मुंबईला पुन्हा रात्रीचा प्रवास करून तिला उभं केलं असतं. तिच्याशी पाच मिनिटं बोललेला माणूस ती परत येणार नाही असं म्हणू शकला नसता, असं मला वाटतं. हे लेकीचं मत आहे, ते तसंच घ्यावं.

दाद मागायचा हक्क आहे. नकाराच्या फॉर्मवरच तो छापलेला असतो, कुठे आणि किती दिवसांत मागायची तेही. युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे की व्हिसा नाकारला तर कुठल्यातरी टप्प्यावर न्यायालयापर्यंत जाता आलं पाहिजे. पण ते न्यायालय तिकडे, भाषा तिकडची, वकील तिकडचा, आणि निकालाला महिने. नव्वद युरोसाठी आणि एका खुणेसाठी कोण जाईल? बाळ तर मे महिन्यात येणार होतं. कायद्यात दिलेला हक्क आणि माणसाला वापरता येणारा हक्क यात अंतर पडतं ते इथे. म्हणून जवळजवळ सगळे जण पुन्हा फी भरून पुन्हा अर्ज करतात, आम्हीही तेच केलं.

त्या दिवसांत मी आकडेही शोधले. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांच्या वर अर्ज गेले आणि सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. फी त्या वर्षीच ११ जूनपासून ८० वरून ९० युरो झाली होती. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत ती ६० होती. वर्गात मुलांना करायला सांगावा तसा ढोबळ गुणाकार केला. लहान मुलांची कमी फी वजा धरली तरी उत्तर शंभर कोटी रुपयांच्या वर जातं. न मिळालेल्या व्हिसांसाठी एका देशातल्या लोकांनी एका वर्षात दिलेली ही रक्कम. लंडनच्या लागो कलेक्टिव्ह या संस्थेने जगभराचा हिशेब मांडला आहे. २०२३ मध्ये नाकारलेल्या शेंगेन अर्जांच्या फीपोटी १३ कोटी युरो जमा झाले, असं तिचं म्हणणं. तिच्या संस्थापक मार्ता फोरेस्ती याला उलट्या दिशेने जाणारा पैसा म्हणतात. परदेशी गेलेली मुलं घरी पैसे पाठवतात, आणि त्यांना भेटायला निघालेल्या आईबापांकडून तो असा परत जातो.

९० युरो धाकटीच्या घरी आठवड्याचा किराणा आहे. आईच्या घरी ते जवळजवळ अर्ध्या महिन्याचं पेन्शन आहे. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना फी माफ आहे, सहा ते अकरा वयाला अर्धी. म्हाताऱ्या माणसांसाठी संहितेत अशी सवलत नाही. आपल्याकडे साठीपुढच्या माणसाला नव्या पासपोर्टच्या फीत दहा टक्के सूट मिळते, आईला १,५०० ऐवजी १,३५० रुपये पडले होते. रक्कम छोटी, पण तिने तेव्हा वहीत वेगळी लिहिली होती, ‘वयाची सूट १५०’.

आपलं सरकारही या बाबतीत वेगळं वागत नाही, हेही लिहिलं पाहिजे. भारताच्या ई-व्हिसाची फी अर्ज नाकारला तरी परत मिळत नाही. तिकडच्या एखाद्या आजीला इकडे लेकाकडे येताना असाच नकार मिळत असेल, तर माझं म्हणणं तिच्यासाठीही आहे.

पूर्ण फी परत द्या असं मी म्हणत नाही. पैसे जाणार नाहीत म्हटल्यावर कुणीही कसाही अर्ज टाकेल आणि खरी गरज असलेल्यांना तारखा मिळणार नाहीत, हे मला कळतं. तपासणाऱ्यांचे पगारही कुठून तरी यायला हवेत. पण दोन टोकांच्या मध्ये वाट असते आणि ती आपल्या लोकांना चांगली माहीत आहे. म्हाडाच्या सोडतीचा अर्ज भरलेल्या कुणालाही विचारा. अर्जाचे ५०० रुपये आणि त्यावरचा कर, ते गेले. अनामत रक्कम वेगळी, घर लागलं नाही तर ती परत खात्यात येते. रेल्वे भरती मंडळ परीक्षेचे ५०० रुपये घेतं आणि पहिल्या परीक्षेला बसलेल्या उमेदवाराला त्यातले ४०० परत देतं, महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि आणखी काही गटांतल्या उमेदवारांना भरलेले २५० च्या २५०, बँकेचे आकार वजा करून. लाखो अर्ज येतात तिथे हे जमतं. अमेरिका काही देशांच्या नागरिकांकडून अर्जाची फी वेगळी आणि व्हिसा मंजूर झाल्यावरची फी वेगळी घेते, नाकारला तर दुसरी द्यावी लागत नाही. फीचे दोन भाग करणं अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. तपासणीचा भाग ठेवून घ्या, बाकीचा परत द्या. आणि नकाराच्या कागदावर शेऱ्याची जागा कोरी असेल तर, माझ्या मते, पूर्ण परत द्या, कारण मग तपासणी झाली याचा पुरावाच आमच्या हातात नाही.

विमा कंपनीचा अनुभव इथे सांगायला हवा. नकाराचं पत्र मेलवर पाठवलं, चौकशीला एक फोन आला, आणि किरकोळ रक्कम कापून हप्ता आईच्या खात्यात परत जमा झाला. प्रवासच झाला नाही, तर विमा कशाचा, इतका साधा हिशेब. आईने वहीत ती ओळ खोडली आणि बाजूला तारीख टाकली. फीच्या ओळीकडे बघून मला म्हणाली, “ह्ये बी असंच येईल बघ, थोडं उशिरानं.” मी तिला पुन्हा समजावलं नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दुसरा अर्ज केला. फाइल जवळजवळ तीच होती, दोन कागद वाढवले. एक माझं पानभर पत्र, आईच्या दिवसाचं वर्णन करणारं. पहाटे धार काढणं, डेअरीला दूध घालणं, ऊस वाट्याने दिलेला असला तरी पाण्याच्या पाळीला स्वतः जाणं. दुसरा कागद तिने सुचवला. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबतं. मागच्या तीन वर्षांच्या दाखल्यांच्या नोंदीचा बँकेचा कागद आम्ही जोडला. आई म्हणाली, “जित्ती हाय म्हनून दर साली सही करते, आता परत येते म्हनून बी तीच सही दाखव.”

या वेळी बोटांचे ठसे घ्यायचं काम पडलं नाही. एकदा दिलेले ठसे ५९ महिने यंत्रणेत चालतात, त्यातूनच उचलतात. आईला हायसं वाटलं. फी मात्र पूर्ण ९० युरो, सेवाशुल्क पूर्ण, प्रवास पूर्ण. युरोचा दर वाढला होता, म्हणून रक्कम थोडी जास्तच.

बारा दिवसांत व्हिसा आला. ९० दिवसांचा.

तो पाहून आम्ही सगळे खूश झालो. पण मला एक गोष्ट अजून सुटत नाही. जर त्या दोन कागदांनी फरक पडला असेल, तर पहिल्या वेळी ते मागता आले असते, एका ईमेलने. आणि फरक पडला नसेल, दुसऱ्या टेबलावर दुसऱ्या माणसाने ती फाइल वेगळी वाचली असेल, तर पहिली फी कशाची होती? दोन्हींपैकी काहीही असलं तरी पहिल्या नकाराची किंमत आईने एकटीने का द्यायची? त्याच माणसाला त्याच कामासाठी सहा महिन्यांच्या आत व्हिसा मिळाला, तर पहिली फी दुसरीत वळती करून घ्यावी, एवढा तरी नियम असावा. या संहितेतल्या फीचा महागाई बघून दर तीन वर्षांनी आढावा घ्यायचा असतो. तो घेताना हाही विचार व्हावा.

आई ५ मे ला गेली. मुंबई विमानतळावर तिला व्हीलचेअर देऊ केली तर नको म्हणाली, मी चालते. १७ मे ला मुलगी झाली. धाकटी रोज व्हिडिओ लावायची. तिकडच्या स्वयंपाकघरात आई तूप कढवते आहे, बाळाला कुंची घातली आहे, आषाढी एकादशीला, ६ जुलैला, तिने खिडकीत मोबाइलवर विठ्ठलाचा फोटो उभा करून वरईचा भात दाखवला. म्हैस आमच्याकडे होती आणि रोज आई पहिला प्रश्न तिचाच विचारायची.

३० जुलैला आई निघाली. ८७ दिवस झाले होते. गावी पोहोचल्यावर हातपाय धुण्याआधी तिने पिशवीतून पासपोर्ट काढला आणि बाहेर पडतानाचा शिक्का मला दाखवला. तो नीट उमटला नाही म्हणून तिकडच्या अधिकाऱ्याला दुसरा मारायला लावला होता म्हणे तिने, खुणा करून. म्हणाली, “ह्याचा फोटो काढ. आन् त्यांना पाठव.”

मी पाठवला. पत्र सरळ लिहिलं. माझ्या आईबद्दल तुम्ही फेब्रुवारीत जी शंका घेतली होती ती खरी नव्हती, हा त्याचा पुरावा. पहिल्या अर्जाची फी परत मिळावी ही विनंती, आणि ते शक्य नसेल तर त्या वेळी नेमका कोणता कागद कमी पडला एवढं तरी कळवावं. दहा दिवसांनी उत्तर आलं. सभ्य, दोन ओळींचं. नियमानुसार फी परत करता येत नाही. दुसऱ्या विनंतीचा उल्लेख त्यात नव्हता. मी पुन्हा लिहिलं, फक्त दुसरी विनंती. त्याला उत्तर आलेलं नाही.

आता शिक्क्यांची जागा यंत्र घेतं आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद संगणकात टप्प्याटप्प्याने सुरू झाली. कोण मुदतीत परत गेलं हे त्यांना एका क्षणात कळेल. ज्याच्यावर शंका घेतली तो मुदतीत परत गेला, हेही त्याच यंत्रात दिसेल. ते बघून एखादी जुनी फी परत करायला मग कोणती अडचण उरते, हे मी तिसऱ्या पत्रात विचारणार आहे. मसुदा तयार आहे.

दिवाळीच्या पाडव्याला आई नवी वही घालते. जुन्या वहीतली राहिलेली देणी-येणी नवीत उतरवून घेते, मग हळदकुंकू वाहते. या वर्षी मी शेजारी बसले होते. डेअरीचं येणं उतरवलं, काकूंचं उतरवलं, आणि तिचं पेन त्या ओळीपाशी थांबलं.

“ह्ये लिवू का सोडून दिऊ?” तिने विचारलं.

मी म्हटलं, “लिही.”